अठरा हजारांत किती दुर्बिणी? छोट्या दुर्बिणींच्या तपासणीच्या नोंदी, बेळगाव

२ नोव्हेंबर

रविवारी पक्षी बघायला जाणाऱ्या आमच्या मंडळींनी वर्गणी काढून अठरा हजार जमवलेत. त्यात स्कूटरच्या डिकीत मावतील आणि चौघांत फिरवता येतील अशा दुर्बिणी घ्यायच्या आहेत. निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी उद्यमबागेत मशीनशॉपला क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात आहे आणि "मापं काढायची तुला सवयच हाय की!"

वापर चार ठिकाणी होणार. सकाळचा व्हॅक्सिन डेपो (गावातलाच झाडीचा परिसर), राकसकोपचा जलाशय, हिवाळ्यात एकदा धूपदाळचा बंधारा आणि जांबोटीकडचं जंगल. चारीकडे उजेड वेगळा असतो, तेव्हा एकच दुर्बीण सगळीकडे चालेल असं मी आत्ताच कबूल करत नाही.

आज टेबलावर असलेला माल, अक्षरं देऊन:

अ: अंगावर "३०×६०" छापलेली. सौंदत्तीच्या जत्रेतली, ६५० रुपये. घरात पडूनच होती.
आ: १०×२५, दोन बिजागऱ्यांची, ऑनलाइन १,९०० रुपये. परत पाठवायची मुदत आहे.
इ: ८×२१, तीही दोन बिजागऱ्यांची, २,३५० रुपये.
ई: ८×२५, एका बिजागरीची, पुढची भिंगं जवळ आणि डोळ्याकडची लांब अशी उलट्या पोरो प्रिझमची (प्रिझम म्हणजे नळीच्या आत उजेड वळवणारी काच, पोरो हा तिचा एक प्रकार). ५,६५० रुपये. अजून यायची आहे.

पहिला आकडा किती पट जवळ दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. थिअरी इथेच संपली.

९ नोव्हेंबर

रविवार वाया. दुपारी बारा वाजता गच्चीवर बसून समोरच्या कारखान्यावरचा बोर्ड वाचत होतो. अ, आ, इ तिन्हींतून अक्षरं सारखीच थरथरलेली. तासाभराने लक्षात आलं की थरथर दुर्बिणीची नाही, मधल्या पत्र्यांवरून उठणाऱ्या गरम हवेची आहे. त्यात हातांची थरथर वेगळी. अशा वेळी महागड्या दुर्बिणीतूनही हेच दिसलं असतं.

पद्धत बदलली. वेळ सकाळी साडेसहा ते आठ. लक्ष्य म्हणून जुन्या दिनदर्शिकेचं पान आणि शेजारी वर्तमानपत्राचं जाहिरातींचं पान, शंभर फुटांच्या आतल्या सावलीतल्या भिंतीवर. दुर्बीण कठड्यावर, खाली दोन किलो तांदळाची पिशवी. पिशवीत दाबून बसवली की दुर्बीण हलत नाही. स्टँड विकत घ्यायची गरज नाही. बंद खिडकीच्या काचेतून मात्र अजिबात बघू नका, काच स्वतःचा दोष त्यात मिसळते.

१२ नोव्हेंबर

घरी, रात्री. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) काढला.

खोक्यावर लिहिलेलं हे माझ्या लेखी ड्रॉइंगवरचं माप असतं. वस्तू तशी आली की नाही ते मोजल्याशिवाय कळत नाही. ह्या किमतीत कारखान्याने नगानग तपासला असेल असं धरून चालू नये. ती तपासणी आपणच करायची, आणि पुढच्या सगळ्या नोंदींत तेच केलंय.

माप एक: डोळ्याकडच्या बाजूने, वीतभर लांबून मोबाईलचा टॉर्च आत सोडायचा, फोकस लांबवर ठेवायचा आणि पुढच्या भिंगासमोर कागद धरायचा. कागदावर उजेडाची चकती पडते. तिचा व्यास म्हणजे दुर्बिणीचं खरं तोंड. छापलेल्या आकड्यापेक्षा ते लहान निघालं तर आत कुठेतरी कडं किंवा प्रिझम उजेड अडवतंय.

माप दोन: दिवसा दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करायची, सूर्य पाठीशी. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाची छोटी टिकली दिसते. तिथे ट्रेसिंग पेपर लावून व्यास घ्यायचा. हे शनिवारीच करून ठेवलं होतं.

पहिल्या मापाला दुसऱ्याने भागलं की खरी पट निघते.

अ: भिंग २७ मिमी, चकती १८, टिकली २.८. पट साडेसहाच्या आसपास. छापलंय तीस! साठचा आकडा कुठून आणला तो त्यांनाच ठाऊक. भिंगावर लालभडक कोटिंग आहे, त्यातून सगळं हिरवट निळसर दिसतं. हा लाल रंग दिसला की पुढे मोजायचेही कष्ट घेऊ नका.

आ: चकती २२, टिकली २.३. साडेनऊ पट. म्हणजे १०×२५ नसून साधारण ९.५×२२.

इ: चकती २०.५, टिकली २.६. जवळपास बरोबर. ह्या यादीतली पहिली प्रामाणिक वस्तू.

टिकलीचा व्यास एवढ्यासाठी महत्त्वाचा की भर उन्हात आपल्या डोळ्यातली बाहुली दोन-अडीच मिलिमीटरची असते, तेव्हा २.५ ची टिकली पुरते. झाडाखाली, संध्याकाळी बाहुली मोठी होते आणि टिकली तेवढीच राहते. मग चित्र काळवंडतं.

१६ नोव्हेंबर

व्हॅक्सिन डेपो, सकाळ. आ आणि इ घेऊन गेलो.

आ ची एक बिजागरी सैल आहे. डोळ्यांच्या अंतराला लावली की दोन मिनिटांत आपोआप मिटायला लागते. आणि दहा पट जवळ म्हणजे हाताची थरथरही दहा पट. उंबराच्या शेंड्यावर तांबट बसला होता, त्याच्या कपाळाचा लाल ठिपका इ मधून स्वच्छ दिसला. आ मधून पक्षी मोठा दिसला खरा, पण ठिपका पिसाऱ्यात विरघळलेला. मोठं दिसणं आणि स्पष्ट दिसणं ह्यांत किती अंतर आहे ते दोन्ही आलटून पालटून धरल्याशिवाय कळत नाही.

रात्री रस्त्यावरच्या दिव्याकडे बघितलं. आ मधून दिव्याच्या आरपार तिरकी लांब रेघ, डाव्या नळीत जास्त. छतासारख्या कडेच्या प्रिझममध्ये ती कड नेमकी घासलेली नसली की अशी रेघ पडते. सरळ नळीच्या बहुतेक छोट्या दुर्बिणींत हेच प्रिझम असतं, आणि ते नीट करणं महागात पडतं. त्यावर फेज कोटिंग नावाचा आणखी एक थर लागतो, तो स्वस्तात सहसा नसतोच. पोरो प्रिझमला ह्यातलं काही लागत नाही. म्हणून तेवढ्याच पैशांत उलट्या पोरोची दुर्बीण बहुधा जास्त स्वच्छ दिसते. ती जाड असते आणि खिशात मावत नाही, तो भाग वेगळा.

आ परत पाठवायची ठरली.

१९ नोव्हेंबर

ई आली. डोळ्याला लावली आणि पहिला विचार आला की हिच्यासाठी आ, इ दोन्ही देऊन टाकावं. दहा मिनिटांनी उजव्या भुवईवर ठणका.

तपासलं. समोरच्या घराच्या कौलांच्या आडव्या ओळीवर फोकस केला, दुर्बीण तांदळाच्या पिशवीवर ठेवली आणि डोळे हळूहळू वीतभर मागे नेले. दोन्ही नळ्यांतली कौलांची ओळ एकाच उंचीवर हवी. इथे उजवीकडची ओळ डावीपेक्षा जवळजवळ अर्ध्या कौलाने वर. नळ्या एका रेषेत नाहीत. आडवा थोडा फरक डोळे सांभाळून घेतात, उभा फरक त्यांना झेपत नाही. बघताना चित्र एकच वाटतं, कारण मेंदू ओढूनताणून जुळवत असतो. त्याचाच हा ठणका.

विक्रेत्याला फोन केला. "सर, नवीन दुर्बीण आहे, डोळ्यांना सवय होऊ द्या." मी म्हटलं, डोळे पन्नास वर्षांचे आहेत, त्यांना आता नव्या सवयी नकोत. मग मोबाईल एकेका नळीला लावून त्याच कौलांचे दोन फोटो काढले, शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवर रेघ मारली आणि पाठवले. बदली मान्य झाली. कुरिअर आमच्या खर्चाने, ३१० रुपये.

फोटो काढताना दुर्बीण पिशवीवरून हलू द्यायची नाही, एवढं सांभाळलंत तर ह्या दोन फोटोंपुढे वाद चालत नाही.

३ डिसेंबर

बदली ई आली. दोन आठवडे गेले. कौलांची ओळ जुळते. चकती २४.८, टिकली ३.१, बरोबर आठ पट. टिकली पूर्ण गोल, कडा कापलेल्या नाहीत. पोरो प्रिझमला हलकी काच वापरली असेल तर टिकलीच्या कडेला करड्या चौकोनी सावल्या दिसतात, इथे नाहीत.

दिनदर्शिकेच्या पानावर मधला साधारण दोन तृतीयांश भाग टोकदार, कडेला अक्षरं पसरतात. इ मध्ये कडेला ह्याहून जास्त पसरतात.

लगेच दुसऱ्या नगाची ऑर्डर देऊन टाकली. त्याचीही हीच तपासणी होईल. एक नग चांगला निघाला म्हणून पुढचा तपासायचा नाही हे आमच्या खात्यात चालत नाही.

७ डिसेंबर

राकसकोप. पाण्यावर धुकं होतं, आठनंतर उघडलं.

आजची परीक्षा हळदीकुंकू बदकाची. चोच काळी, टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लालसर ठिपके. लांब पाण्यावर ते कुंकू दिसलं की दुर्बीण पास. ई मधून दिसलं. इ मधून बदक पोहत पोहत अलीकडे आलं तेव्हा दिसलं. अ मधून ते बदक आहे एवढं नक्की झालं.

सूर्याच्या बाजूला वळल्यावर (सूर्याकडे नव्हे, ते चुकूनही नाही) इ मध्ये खालच्या अर्ध्या चित्रावर पांढुरकं झाकण चढतं. नळीच्या आतल्या भिंती पुरेशा काळ्या नाहीत. तळव्याने पुढच्या भिंगांवर आडोसा धरला की निम्मं कमी होतं. ई मध्येही थोडं आहे, पण बघायचं काम थांबत नाही.

चष्म्याचा प्रश्न इथेच निकालात निघाला. मंडळींत चष्मेवाले तिघे. इ च्या भिंगापासून डोळा फार जवळ न्यावा लागतो, चष्मा मध्ये आला की कडेचा बराच भाग गायब होतो आणि कडेने काळे ढग येतात-जातात. ई ला रबरी कप दुमडून चष्म्यासकट बहुतेक सगळं दिसतं. डोळा भिंगापासून किती लांब ठेवून चालतो त्याचा आकडा खोक्यावर आय रिलीफ म्हणून असतो. चष्मेवाल्यांनी १५ मिमीच्या खाली जाऊ नये, आणि शक्यतो स्वतःच्या चष्म्यातून बघूनच घ्यावं.

बांधावर म्हशी चारायला आलेले एक काका थांबले. "काय बघूलाय हो?" ई त्यांच्या हातात दिली. फोकसचं चाक दाखवलं. पाच मिनिटं बोलले नाहीत, मग म्हणाले, "रोज हितंच असत्यात ही. चोचीला कुकू लावून हिंडत्यात म्हाईत नव्हतं." दुर्बीण परत मिळायला वेळ लागला.

१४ डिसेंबर

जांबोटी. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटरचं. आत परवानगीशिवाय जाता येत नाही, आम्ही बाहेरच्या रस्त्याच्या कडेनेच फिरलो. मंडळींतल्या एकाला तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतलं ते दुर्मिळ वटवाघूळ बघायचं होतं. दुर्बीण कुठलीही असो, गुहेच्या वाटेला जायचं नाही असं त्याला सांगितलं.

आज नवीन पाहुणी: ऊ, म्हणजे ८×३२, फेज कोटिंग असलेली, वापरलेली, मंडळींतल्याच एकाच्या मेहुण्याची. विकायची होती, ४,८०० म्हणत होते. वजन ई च्या दीडपटीहून जास्त, गळ्यात जाणवतं. चकती ३१, टिकली ३.९.

सकाळी उन्हात ई आणि ऊ मध्ये फरक सांगता येईना. ऊ घ्यायची गरज काय, असं बोलूनही झालं. संध्याकाळी साडेपाचला गर्द झाडीत मलबारी राखी धनेशाची जोडी आली. इ मधून फांदीवर एक काळा आकार. ई मधून चोचीचा बाक आणि रंगाचा अंदाज. ऊ मधून नराची तांबूस चोच, तिचं पिवळं टोक आणि भुवईवरचा पांढुरका पट्टा, सगळं. ३२ चं भिंग २५ पेक्षा ६४ टक्के जास्त उजेड घेतं. सकाळी तो उजेड डोळ्याला नको होता, आता हवा होता.

परतीच्या वाटेवर सगळ्यांचं एकमत, ऊ घ्यायची. मी रात्री दिव्यावर आणि दुसऱ्या दिवशी कौलांवर तपासून मग पैसे दिले. डाव्या भिंगाच्या आत कडेला बुरशीचा एक बारीक धागा आहे, टॉर्च तिरका मारल्यावर दिसतो. तो दाखवून तीनशे कमी करायला बघितलं, जमलं नाही. चित्रावर परिणाम नाही, पण वाढू द्यायचा नाही.

२१ डिसेंबर

भाची, तिसरीत. तिला ई दिली तर "मामा, दोन गोल दिसतात." चूक तिची नव्हती. बाहुल्यांमधलं अंतर आरशासमोर पट्टी धरून मोजलं, ५३ मिमी. ई पूर्ण मिटवली तरी ५६ च्या खाली येत नाही, ऊ सुद्धा नाही. लहान मुलांना महागडी मोठी दुर्बीण आवडत नाही ह्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

इ ला दोन बिजागऱ्या, ती हवी तेवढी मिटते. लावून दिली आणि भाची पक्षी बघून ओरडली, "शिंपी! शिंपीच आहे!" चष्मेवाल्यांना नापास झालेली दुर्बीण पोरीला फिट बसली. दोन्ही बिजागऱ्या सारख्या मिटवायला तिला जमत नाही, म्हणून योग्य जागी नेलपॉलिशचे ठिपके लावून दिले.

कोल्हापूरच्या मित्राची पेंटॅक्स पॅपिलिओ ६.५×२१ आठवडाभरासाठी हातात आली होती. यादीत ती नव्हती, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. अर्ध्या मीटरवर फोकस होते. तुळशीवरच्या चतुराच्या पंखातली जाळी मोजता येते. जवळ फोकस करताना आतली दोन भिंगं एकमेकांकडे सरकताना पुढच्या काचेतून दिसतात. साडेसहा पट म्हणजे थरथर कमी आणि चित्र रुंद. फुलपाखरंवाल्यांनी दुसरीकडे बघूच नये. आम्हाला पाणपक्षी हवेत, म्हणून परत केली, थोडी जड मनाने.

२८ डिसेंबर

धूपदाळ. बेळगाव-मिरज मार्गावर घटप्रभा स्टेशनला उतरून. बंधाऱ्याच्या पाण्यावर हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात ही ह्या जागेची ख्याती. पलीकडच्या काठाला राखाडी ओळ दिसली. ई आणि ऊ दोन्हींतून ते करकोचे आहेत आणि मान काळी आहे इथपर्यंत. डोळ्यामागचा पांढरा तुरा मी "दिसला" म्हणालो असतो, पण तो असतो हे माहीत असल्यामुळे.

दहानंतर पाण्यावरून हवा नाचायला लागली. इतक्या अंतराला ह्या मापाची कुठलीच दुर्बीण पुरणार नाही. स्टँडवरची मोठी एकडोळी दुर्बीण लागते, तिचे पैसे वेगळे. त्याऐवजी दहा-बारा पटींची छोटी दुर्बीण घेऊ असा मोह होतो. आ चा अनुभव वर लिहिला आहे.

अलीकडच्या चिखलातले शेकाटे, टिटव्या आणि धोबी ह्यांच्यावर मात्र ई ने दिवस सोन्याचा केला.

४ जानेवारी

अ उघडली. स्वस्त दुर्बीण घरी सरळ करता येते का, हे बघायला. नाहीतरी तिच्यावर आणखी अन्याय होणार नव्हता.

पुढचं कडं फिरवून निघालं. आत प्रिझम प्लास्टिकच्या खाचेत, वरून चिकटीचा एक ठिपका. बाजूने रेटायला स्क्रू नाही, काही नाही. ठिपका कापून प्रिझम केसभर सरकवलं, आडवा फरक गेला, उभा दुप्पट झाला. परत सरकवलं, उलट झालं. दीड तासाने आत धूळ आणि प्रिझमवर माझ्या अंगठ्याचा ठसा. पुसायला गेलो तर कोटिंगच निघालं.

तात्पर्य काढत बसत नाही, पण मुदतीत परत करता येणारी दुर्बीण कधीही उघडू नका. उघडलेली कुणी परत घेत नाही.

११ जानेवारी

हिशेब. दुसरी ई पण आली. आडवा किंचित फरक आहे, उभा नाही. ठेवली.

ई दोन नग: ११,३००
ऊ वापरलेली: ४,८००
बदलीचं कुरिअर: ३१०
हवा मारायचा रबरी फुगा आणि मऊ कापड: २८०
सिलिका जेल: १५०
एकूण १६,८४०. शिल्लक १,१६०.

आ चे पैसे पूर्ण परत आले. इ भाचीच्या नावावर गेली, ती माझ्या खिशातून. अ चे ६५० धरले नाहीत.

पावसाळ्याची सोय आत्ताच केली. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांवरही बुरशी येते, भिंगांची काय कथा. तिन्ही दुर्बिणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, खाली सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारी जेल घेतलीय, ओली झाली की रंग बदलतो, मग मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा वापरता येते. कातडी किंवा रेक्झिनच्या पाऊचमध्ये दुर्बीण ठेवायची नाही, ओल तिथेच धरते. ऊ मधला धागा दर महिन्याला टॉर्चने बघणार आणि वाढला तर इथे लिहीन.

भिंग पुसताना आधी फुगा, मग कापड. शर्टाच्या टोकाने पुसणाऱ्याला पुढच्या वेळी दुर्बीण मिळणार नाही.

वाटप: एक ई व्हॅक्सिन डेपोवाल्यांकडे, दुसरी आणि ऊ माझ्याकडे. पुढच्या रविवारी जांबोटी आहे. ऊ हवी असेल त्याने शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगावं, आणि पट्टा आधी गळ्यात घालून मगच हातात घ्यावी.